ऊसरोपांची विक्री आणि हातातला मोबाईल



ट्रेमधील रोपांपासून ऊस लावण्याची पद्धत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. त्याबरोबर ऊस रोपवाटिका हा आपल्या सभासदांना, विशेषतः बचत गटातील भगिनींना, चांगला जोडधंदा मिळाला आहे. पूर्वी रोपे विकायची म्हणजे चौकात फळा लावायचा आणि सोसायटीत, दूध डेअरीवर चार माणसांना सांगून ठेवायचे. आता तोच निरोप व्हॉट्सॲप, फेसबुक आणि यूट्यूबवरून तालुक्याबाहेर जातो. मात्र फोटो पाहून शंभर जण अंगठा दाखवतात आणि लागणीच्या दिवसांत रोपे तशीच पडून राहतात, असाही अनुभव येतो. या साधनांचा धंद्यासाठी नेमका उपयोग कसा करावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

गिऱ्हाईक काय विकत घेते?

बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही, असे म्हणतात. ऊसरोपांच्या बाबतीत मात्र नुसते बोलून भागत नाही. महिना-दीड महिन्याचे रोप पाहून त्याची जात ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. रोपे हिरवीगार दिसली की माणूस खूश होतो, पण जात चुकीची निघाली तर ती चूक लागणीच्या उसात आणि पुढे प्रत्येक खोडव्यात भोगावी लागते. चोपण जमिनीसाठी कोणी को एम ०२६५, म्हणजे फुले २६५, मागितला आणि त्याला दुसरीच जात मिळाली, तर त्याचा दोन-तीन वर्षांचा हिशेब बिघडतो. शिवाय कारखान्याकडे नोंद एका जातीची आणि शेतात ऊस दुसऱ्या जातीचा, यामुळे तोडणीचा कार्यक्रमही विस्कटतो.

म्हणजे गिऱ्हाईक रोपाबरोबर तुमचा शब्द विकत घेते. हा शब्द खरा आहे हे दूरच्या माणसाला दाखवून देणे, एवढ्यासाठीच मोबाईल वापरावयाचा आहे.

कोणते साधन कशासाठी?

१) व्हॉट्सॲप बिझनेस : हे धंद्यासाठीचे वेगळे ॲप २०१८ साली आले आणि ते मोफत आहे. त्यात रोपवाटिकेचे नाव, गाव, वेळ आणि नकाशावरील जागा नोंदवता येते. कॅटलॉगमध्ये प्रत्येक जातीचा फोटो व दर ठेवता येतो. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकदा लिहून ठेवली की ती पुन्हा टाईप करावी लागत नाहीत. गिऱ्हाइकांना ‘चौकशी’, ‘आगाऊ रक्कम जमा’, ‘रोपे दिली’ अशी लेबले लावता येतात. धंद्यासाठी शक्यतो वेगळे सिमकार्ड ठेवावे, म्हणजे घरचे निरोप आणि धंद्याचे निरोप यांची खिचडी होत नाही.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश, ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच मिळतो. म्हणून रोपे घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला तेथेच आपला नंबर जतन करावयास सांगावे. गावातील भजनी मंडळाच्या किंवा भावकीच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकू नये. लोक कंटाळतात आणि कामाचा निरोपही मग न वाचता पुसला जातो.

२) फेसबुक : स्वतःच्या नावाच्या खात्यावर पाच हजारांपलीकडे मित्र करता येत नाहीत. धंद्यासाठी ‘पेज’ उघडावे, त्याला ही मर्यादा नाही. अनोळखी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यास ते बरे पडते.

३) यूट्यूब : येथे करमणुकीपेक्षा काम दाखवावे. बेणे मळ्यातील ऊस, एक डोळ्याची टिपरी तोडणे, बेणे प्रक्रिया, ट्रे भरणे आणि पंधराव्या व तिसाव्या दिवसाची रोपे, असे चार-पाच मिनिटांचे चित्रण साध्या मोबाईलवर होते. एकदा टाकलेले चित्रण पुढच्या हंगामातही लोक शोधून पाहतात. व्हॉट्सॲपचे स्टेटस मात्र चोवीस तासांत जाते, म्हणून ते ‘आज काय शिल्लक आहे’ एवढ्यापुरते वापरावे.

तिन्ही एकदम सुरू करण्याची गरज नाही. पहिल्या हंगामात व्हॉट्सॲप नीट चालवावे, बाकीचे मागाहून करावे.

मजकूर कसा लिहावा?

‘उत्तम प्रतीची खात्रीशीर रोपे मिळतील, त्वरित संपर्क साधा’ असे सगळेच लिहितात. त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे :

‘जात को ८६०३२. बेणे आमच्याच बेणे मळ्यातील, १० महिन्यांचे. बेणे प्रक्रिया करून ५ जूनला ट्रे भरले. ४२ कप्प्यांचा ट्रे. रोपे १५ जुलैपासून मिळतील. दर जागेवरचा, वाहतूक वेगळी. रोपवाटिका पाहण्यास सकाळी ८ ते ११ यावे.’

यात एकही विशेषण नाही, पण शेतकऱ्याच्या मनातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे आहेत. ट्रे भरल्याची तारीख सांगितल्यामुळे रोपाचे वय त्याला आपोआप कळते. बेणे कोठून आणले याची पावती असल्यास तिचाही फोटो टाकावा. फोटो स्वतःच्याच रोपवाटिकेचा आणि त्याच आठवड्यातील असावा. दुसऱ्याचा फोटो उचलून टाकला तर तो आज ना उद्या उघडकीस येतो. जातीच्या उताऱ्याबद्दल शिफारशीपलीकडचे आकडे सांगू नयेत. एकरी शंभर टनांची हमी रोपवाल्याने देऊ नये. ते जमीन, पाणी, खत आणि मशागतीवर अवलंबून आहे.

जाहिरात किती, रोपे किती?

धंदा येथेच बिघडतो, म्हणून हा हिशेब नीट पाहावा. पाच फूट सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एकरी ४,३५६ रोपे लागतात. अंतर दीड फूट केल्यास ५,८०८ लागतात. दोन फुटांच्या लागणीत नांग्या भरण्यासाठी शेकडा पाच रोपे जादा धरली तर एकरी सुमारे ४,५७५ होतात. म्हणजे ५० हजार रोपांच्या वाटिकेतून ११ एकरही पुरे होत नाहीत. उलट व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसे बसतात. त्यातील वीस जणांनी एकेका एकराची मागणी केली, तर निम्म्या लोकांना परत पाठवावे लागेल. मोबाईलचे तोंड मोठे आणि वाटिका लहान, हे विसरून चालत नाही.

म्हणून जाहिरातीच्या आधी नोंदवही करावी. नाव, गाव, जात, रोपांची संख्या, आगाऊ रक्कम आणि रोपे देण्याची तारीख एवढे रकाने पुरेत. जेवढी रोपे तयार होणार त्यातून दहा टक्के मर धरून बाकीचीच नोंदवावीत. नोंद पूर्ण झाली की त्याच दिवशी ‘या खेपेची नोंदणी संपली, पुढची खेप अमुक तारखेला’ असे कळवावे. असे कळवणाऱ्याकडे लोक पुढच्या वेळी लवकर येतात.

वेळ साधणेही महत्त्वाचे आहे. आडसालीची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. रोपास दीड महिना लागतो, म्हणून हंगामाच्या दोन महिने आधी नोंदणीचा संदेश गेला पाहिजे. लागण सुरू झाल्यावर जाहिरात करणे म्हणजे वरातीमागून घोडे.

तक्रार आली तर

फेसबुकवर कोणी ‘रोपे मेली’ असे लिहिले, तर ते पुसू नये आणि भांडूही नये. शेत कोठे आहे ते विचारून समक्ष पाहून यावे. दोष आपला असल्यास बदली रोपे द्यावीत आणि तसे तेथेच दोन ओळींत लिहावे. पाणी उशिरा दिल्याने रोपे गेली असतील, तर तेही शांतपणे सांगावे. एका तक्रारीला दिलेले उत्तर शेकडो जण वाचत असतात.

फसवणुकीपासून सावध

अनोळखी माणूस भाव न करता सगळी रोपे घेतो म्हणतो आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करावयास सांगतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही की पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे भरल्याचा नुसता फोटो पाहून गाडी सोडू नये, बँक खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहावे. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सभासदांनी या हंगामात एवढे जरूर करावे : प्रत्येक ट्रेवर जात व तारखेची चिठ्ठी लावावी, नोंदवही ठेवावी आणि त्या नोंदवहीत आहे तेच मोबाईलवर लिहावे. घरातील शिकलेल्या मुला-मुलींना हे काम द्यावे, पण जात आणि तारीख स्वतः तपासून मगच मजकूर जाऊ द्यावा. रोपवाटिका असणाऱ्या सभासदांनी आपल्या गट कार्यालयाशी संपर्क ठेवावा. बेणे व जातीविषयी काही शंका असल्यास आमचे कर्मचारी वाटिकेवर येऊन पाहणी करतील.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते