पवनचक्की गेली, सावली राहिली

सकाळी 9:30
पावसाळी पर्यटन विशेषांकाचा फोल्डर उघडते. अंक ऑगस्टमध्ये स्टॉलवर जाणार, म्हणजे फोटो बहुतेक गेल्या मोसमातले. पहिलं काम ठरलेलं: निवडलेल्या प्रत्येक फोटोची रॉ फाइल मागवायची. काहीजण लगेच पाठवतात, काहींची हार्ड डिस्क नेमकी गावाला असते. रॉ फाइल म्हणजे परमसत्य नव्हे. ती फिकी आणि सपाट दिसते, तिला उठाव द्यावाच लागतो. पण कॅमेऱ्यासमोर काय होतं आणि काय नव्हतं, एवढं ती सांगते.

10:30
कास. पश्चिम घाट 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आला, त्यात हे पठारही आहे. समोरच्या फोटोत गुलाबी तेरडा गडद जांभळा झालाय आणि सोनकी केशरी. रंग इतके ताणलेत की पाकळ्यांचा पोत गेला, नुसते ठिपके उरले. रंग खाली आणायला कळवते.

दुसरा फोटो संगणकाला हात न लावता फसवतो. जमिनीलगत बसून टेलिफोटो लेन्स लावली की विरळ फुलंही एकमेकांना चिकटून दिसतात. नियमात बसतं, म्हणून नाकारत नाही; पण त्याच पानावर उभ्या माणसाला दिसतं तसं पठार दाखवणारा एक वाइड फोटोही घेते. मुंबईहून रात्रीच निघून आलेल्या कुटुंबाला फोटोतला फुलांचा गालिचा सापडला नाही, की ते आखलेली वाट सोडून आत शिरतात. त्या तुडवलेल्या फुलांत आमच्या पानांचाही वाटा असतो.

12:00
साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार. हिरवंगार, वर ढग, माणूस नाही की खांब नाही. हे पठार पवनचक्क्यांनी भरलेलं आहे, हे तिथं गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं. दोनशे टक्के झूम करते. डावीकडच्या गवतावर एक लांबट, तिरकी सावली पडलीय. ती पाडणारं मात्र काहीच नाही.

फोटोग्राफरना फोन लावते. ज्येष्ठ आहेत, कामाला पक्के.

"मॅडम, नजरेला खुपत होतं ते काढलं. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सनं नाही काढलं?"

दाखला खरा आहे. 1944 मध्ये अ‍ॅडम्सनं कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावातून सिएरा नेवाडाची हिवाळी सकाळ टिपली. गावातल्या शाळेच्या मुलांनी टेकडीवर पांढऱ्या रंगात 'एलपी' ही अक्षरं काढली होती, ती त्यानं प्रिंटमधून घालवली.

"सर, त्यांचा फोटो भिंतीवर लागला, त्यांची कलाकृती म्हणून. आपल्या फोटोखाली सातारा स्टँडपासूनचं अंतर छापणार आहोत."

पलीकडे शांतता. मग, "बघतो."

1:30
डबा खाताना नवा सहकारी विचारतो, "मग दोन एक्स्पोजर जोडलेलंही खोटंच ना?" नाही. 1850च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसऱ्यावर घ्यायचा. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवरचं रसायन निळ्याला फार संवेदनशील होतं. समुद्राला पुरेसा वेळ दिला की आकाश पांढरं पडायचं. डोळ्याला एकदम दिसतं ते काचेला एकदम घेता येत नव्हतं. आजही दरीतली सावली आणि उगवता सूर्य एका फ्रेममध्ये मावत नाहीत, म्हणून एक्स्पोजर जोडतात. इथवर ठीक. पण ल ग्रेनं एकच आकाश वेगवेगळ्या समुद्रांवरही वापरलं. विशेषांकात ते चालणार नाही.

3:00
राजगडचा बालेकिल्ला, त्यावर उभी ठाकलेली आकाशगंगा, तिचा सगळ्यात तेजस्वी गाभा अगदी मधोमध. ओळ अशी: 'डिसेंबरअखेरची रात्र'. इथं झूमची गरजच नाही. हा गाभा धनू राशीच्या दिशेला आहे आणि धनुर्मासात सूर्यही तिथंच असतो. त्या दिवसांत तो भाग सूर्याबरोबर उगवतो-मावळतो. रात्री दिसते ती मृगाजवळची फिकी बाजू. आकाश दुसऱ्या महिन्यातलं आहे. हल्ली सॉफ्टवेअर एका क्लिकवर आकाश बदलून देतं, पंचांग मात्र बघत नाही. फोटो बाद.

4:30
आता आमचाच नंबर. डिझायनरला उभा फोटो आडव्या जोडपानावर हवाय. "बाजू एआयनं वाढवते, दोन मिनिटांचं काम." म्हणजे नसलेला डोंगर आपण उभा करायचा! नॅशनल जिऑग्राफिकनं फेब्रुवारी 1982च्या मुखपृष्ठासाठी याच्या उलट केलं होतं: गिझाचा आडवा फोटो उभ्या चौकटीत बसावा म्हणून पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले. त्यावर बरीच टीका झाली, आजही तो दाखला दिला जातो. फोटोग्राफरकडे रॉ मागणाऱ्या कचेरीनं पानाच्या मापासाठी डोंगर वाढवला, तर ती मागणी करायचं तोंड उरत नाही. फोटो एका पानावर, शेजारी मजकूर. डिझायनर नाराज.

6:00
फोटोओळी. कुठं, कोणत्या महिन्यात, आणि काही जोडलं असेल तर तेही: 'दोन एक्स्पोजर एकत्र'. संपादकांना वाटतं यानं मजा जाते. मला वाटतं, जी करामत खाली लिहिताना लाज वाटते, तीच नेमकी करू नये.

7:15
चाळकेवाडीची मूळ फाइल आली. सावलीसकट पवनचक्की, मागे आणखी रांग. फोटो पहिल्याइतका देखणा नाही, पण पठारावर गेल्या काही दशकांत काय घडलं ते त्यात आहे. ज्याला ते रुचत नाही, त्यानं पवनचक्क्यांवर जरूर वाद घालावा. त्यासाठीही त्या आधी दिसायला हव्यात. पान लावलं.

7:45
पुढच्या अंकासाठी सगळ्या फोटोग्राफरना मेल: 'उजेड आणि रंग डोळ्याला दिसले तिथवर सावरा. जागेत काही घालू नका, काढू नका, हलवू नका. कचरा, तारा, टॉवर असतील तर असू देत. नको असतील तर कोन बदला, नाहीतर दुसरी जागा शोधा. रॉ फाइल सोबत पाठवा.' खाली मानधनाची तारीख टाकते. निम्मे जण तेवढीच ओळ वाचणार.