पुनर्बाप्तिस्मा : संज्ञा आणि निर्णय

बालपणी ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे अशा व्यक्तीने प्रौढपणी, स्वतःच्या विश्वासाची जाणीव झाल्यावर, पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना अपरिचित नाही. त्याचा अंतिम निर्णय ईश्वरविज्ञानाच्या कक्षेत येतो हे उघड आहे. तथापि या वादाचा बराचसा भाग शब्दांनी घडविलेला आहे, आणि तेवढ्यापुरता त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम संज्ञेकडे पाहू. 'बाप्तिस्मा' हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याच्या धातूचा अर्थ 'बुडविणे' असा आहे. गोव्याच्या कोंकणीतील 'बाव्तिज्म' पोर्तुगीजमार्गे आला. मराठी कॅथलिकांत 'स्नानसंस्कार' हा संस्कृत शब्दही रूढ आहे. यांपैकी कोणत्याही शब्दामागे 'पुनर्' हे पूर्वपद लावले की एक गोष्ट नकळत गृहीत धरली जाते : ती ही की, पहिला बाप्तिस्मा खरोखर झालेला आहे. वाद नेमका याच मुद्द्याचा असल्यामुळे ही संज्ञा वापरणारा वादाचा निकाल आधीच देऊन बसतो.

इतिहास याला साक्षी आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास पाखंडी पंथांत बाप्तिस्मा झालेल्यांना मंडळीत घेताना काय करावे, यावरून कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप स्टीफन यांच्यात तीव्र मतभेद झाला. सिप्रियन अशांना बाप्तिस्मा देई. परंतु आपण तो 'पुन्हा' देत नाही, कारण पाखंड्यांपाशी बाप्तिस्मा मुळी नाहीच, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिक येथे कॉनराड ग्रेबेल याने जॉर्ज ब्लाउरॉक याला बाप्तिस्मा दिला, तेव्हाही हीच भूमिका होती. या पंथाला 'ॲनाबॅप्टिस्ट' म्हणजे 'पुन्हा बाप्तिस्मा देणारे' हे नाव विरोधकांनी दिले. अनुयायांना ते मान्य नव्हते. त्या नावातच आरोप होता, आणि आरोपाची शिक्षा मृत्यू होती : फेलिक्स मान्झ याला ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिकच्या नदीत बुडवून मारण्यात आले.

आपल्याकडील धर्मशास्त्राशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अजाणता सुरेचा संसर्ग झालेल्या द्विजाला पुनःसंस्कार सांगितला आहे. मात्र त्या वेळी मुंडन, मेखला, दंड, भिक्षा इत्यादी अंगे गाळावीत असेही म्हटले आहे. म्हणजे पहिले उपनयन खरे होते, ते दूषित झाले, म्हणून ते संक्षेपाने पुन्हा करावयाचे. येथे 'पुनर्' हे पद यथार्थ आहे. 'पुनर्बाप्तिस्मा' या शब्दाची स्थिती याहून वेगळी आहे. एक पक्ष म्हणतो की, बाप्तिस्मा पुन्हा होऊच शकत नाही. दुसरा म्हणतो की, आम्ही देतो तो पहिलाच. अर्थात ज्या क्रियेचे हे नाव, ती क्रिया आपण करतो असे दोहोंपैकी कोणीच म्हणत नाही.

मग प्रश्न उरतो तो असा की, पहिली क्रिया घडली किंवा नाही हे ठरवावे कसे? जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील एक भेद येथे उपयोगी पडतो. काही उक्ती वर्णन करीत नाहीत, कृती करतात. बाप्तिस्म्याचे वचन अशांपैकीच एक आहे. अशी कृती दोन प्रकारे फसते. विधीची आवश्यक अट पुरी झाली नाही, तर ती निष्फळ ठरते, म्हणजे घडतच नाही. अट पुरी होऊन मनोभाव मात्र नसला, तर ती घडते, पण पोकळ राहते. खोट्या मनाने दिलेले वचन हे वचनच असते. बालबाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळ्यांच्या दृष्टीने विश्वासाची व्यक्तिगत जाणीव ही नंतर भरून काढण्याची गोष्ट आहे. बॅप्टिस्ट परंपरेच्या दृष्टीने ती विधीची अटच आहे. कॅथलिक विधिनियमाने वाजवी शंका उरल्यास 'झाला नसेल तर' अशा सशर्त वाक्याने बाप्तिस्मा देण्याची सोय ठेवली आहे. परंतु ती शंका विधीविषयी हवी, घेणाऱ्याच्या समाधानाविषयी नव्हे.

मराठी क्रियापदे हा भेद सहजपणे दाखवितात. लहान मुलाचा बाप्तिस्मा 'होतो'. प्रौढ माणूस तो 'घेतो'. मंडळी तो 'देते'. 'माझा बाप्तिस्मा झाला, पण मी तो घेतला नाही', हे वाक्य मराठीत विसंगत वाटत नाही, आणि निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तीची सारी व्यथा त्यात सामावते. नव्या करारातील ग्रीकमध्येही दोन्ही छटा आढळतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातील आज्ञार्थ कर्मणी आहे. बाविसाव्या अध्यायात हनन्या शौलाला जी आज्ञा करतो, तिचे रूप 'करवून घे' अशा अर्थाचे आहे. तेव्हा केवळ व्याकरणाच्या आधारे कोणत्याही एका पक्षाला विजयी ठरविता येणार नाही.

पुण्याशी निगडित असलेले पंडिता रमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. पुण्यात ओळख झालेल्या भगिनीमंडळाच्या आधाराने त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला; त्याच दिवशी त्यांच्या अडीच वर्षांच्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. एक दिवस, एक स्थळ, आणि क्रियापदे दोन! पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विचारपूर्वक, वाद घालून घेतलेल्या बाप्तिस्म्याचीही ही कथा. नंतरच्या अनुभवाने आधीचा विधी रद्द होतो असे मानले, तर प्रत्येक नव्या जाणिवेबरोबर तो पुन्हा करावा लागेल. अर्थात यावर बॅप्टिस्ट पक्षाचे उत्तर आहे, आणि ते डावलता येत नाही : रमाबाईंची श्रद्धा अपुरी असेल, पण संमती त्यांची होती, मनोरमेला कोणी विचारले नव्हते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकन आणि बॅप्टिस्ट दोघेही तीत आले. बालबाप्तिस्मा व प्रौढ विश्वासूचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथा पर्याय म्हणून मान्य झाल्या. दोन्ही प्रथा खऱ्या मानल्यावर एकाच व्यक्तीने एकीनंतर दुसरी मागणे हे मात्र त्या परस्परमान्यतेलाच छेद देणारे ठरते. १९८२ च्या लिमा निवेदनानेही बाप्तिस्म्याची पुनरावृत्ती वाटेल असे आचरण टाळावे असे सुचविले.

म्हणून निर्णय घेणाऱ्याने स्वतःला 'मी पुन्हा बाप्तिस्मा घेऊ काय?' असे विचारू नये. 'माझा पहिला बाप्तिस्मा निष्फळ होता, की अद्याप पोकळ आहे?' असे विचारावे. पोकळ असेल, तर दृढीकरण, जाहीर साक्ष आणि आचरण हे मार्ग खुले आहेत. निष्फळ होता असे सद्सद्विवेकाने ठरले, तर त्या उत्तराचा भारही ओळखला पाहिजे. १८९५ साली ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी त्यांची व लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली. अशी किंमत देऊन ख्रिस्ती झालेल्या घराण्यांत आईबापांनी मुलासाठी केलेली कृती घडलीच नाही, असे म्हणणे हे केवळ स्वतःपुरते विधान राहत नाही. ते करण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. परंतु आपण नेमके कोणते विधान करीत आहोत, हे तिला आधी कळलेले असावे.