द्यूसाब्ल, झां बातीस्त प्वां
(१७५० पूर्वी – २८ ऑगस्ट १८१८). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो शहराचा संस्थापक मानला जाणारा कृष्णवर्णीय व्यापारी. तो सँ दोमँग (सध्याचे हैती) या फ्रेंच वसाहतीतून आला, असे परंपरेने मानतात. मात्र त्यास लेखी आधार नाही. पॉटवाटमी जमातीतील किटिहावा (कॅथरिन) ही त्याची पत्नी. १७८८ मध्ये काहोकिया येथे त्यांचा कॅथलिक विधीने विवाह झाला.

शिकागो नदीच्या मुखाशी असलेली आपली मालमत्ता त्याने १८०० मध्ये ६,००० लिव्ह्रना झां लालीम यास विकली. विक्रीखतात घर, दोन कोठारे, घोड्याने फिरविली जाणारी गिरणी, पावभट्टी, दुग्धशाळा, ३० गुरे, ३८ डुकरे व ४४ कोंबड्या यांची नोंद आहे. कातड्यांच्या फिरत्या व्यापाऱ्याचा हा पसारा नव्हे. ही स्थिरावलेली वसाहतच होती. तरीही पुढे संस्थापकत्वाचे श्रेय दीर्घकाळ जॉन किंझी या गोऱ्या व्यापाऱ्यास मिळाले. वस्तुतः याच विक्रीखतावर किंझीची साक्षीदार म्हणून सही आहे.

द्यूसाब्ल सेंट चार्ल्स (मिसूरी) येथे मरण पावला. शिकागोच्या १९३३-३४ मधील जागतिक प्रदर्शनात त्याच्या घराची प्रतिकृती उभारली गेली, ती मुख्यतः शहरातील कृष्णवर्णीय महिलांच्या खटपटीमुळे. त्याच्या वस्तीच्या जागेस १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९८७ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघाले. नदीकाठचा त्याचा अर्धपुतळा (२००९) ही हैतीत जन्मलेल्या एका शिकागोवासीयाची देणगी आहे. २०२१ मध्ये शहरातील सरोवरकाठच्या प्रसिद्ध रस्त्यास त्याचे नाव जोडण्यात आले.