पुस्तक मिटा, आता आठवा



तास सुरू होताच पुस्तके मिटून मुलांना प्रश्न का विचारले जातात, ही रोजची परीक्षा आहे का, असे बऱ्याच पालकांनी विचारले आहे. त्याचा खुलासा करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बी.एड.ला आम्ही एबिंगहाउस हिंदीतून शिकलो. या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये दाखवून दिले, की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते, मग हळूहळू. त्याचा 'विस्मरण वक्र' आम्ही पेपरात काढला, गुणही मिळवले. वर्गात मात्र एक धडा संपला की पुढचा धडा! संशोधन उत्तरपत्रिकेतच राहिले.

२००६ मध्ये रोडिगर व कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, काही न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेले ८१ टक्के आठवले, आठवून लिहिलेले ७५ टक्के. आठवड्याने मात्र पारडे फिरले. पुन्हा वाचलेले ४२ टक्के उरले, आठवून लिहिलेले ५६ टक्के. पुढे इलिनॉय राज्यातील एका शाळेत सहावीच्या समाजशास्त्राच्या तासालाही असाच अनुभव आला.

म्हणजे धडा पाच वेळा वाचून "झालं माझं" असे वाटते, ते वाटणेच फसवे असते.

आमच्याकडून सुरुवातीला एक चूक झाली. या प्रश्नांना आम्ही गुण दिले. मुले धास्तावली, काहींचे तासाआधी पोट दुखू लागले. दोष मुलांचा नव्हता, आमचा होता. आता गुण नाहीत, प्रगतिपुस्तकात नोंद नाही. फक्त पाच मिनिटे आणि तीन प्रश्न : एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा. चुकल्यास बरोबर उत्तर तिथल्या तिथे सांगितले जाते. अर्थात, धडा आधी समजलेला हवा. न समजलेले आठवून उपयोग नाही.

पालकांनी घरी "किती वाचलंस?" याऐवजी "पुस्तक न बघता सांग पाहू" एवढेच म्हणावे. ऐकायला आजी-आजोबा असतील तर फारच छान.

विश्वस्तांना विनंती, की यासाठी पैसा नको, वेळ हवा. चांगले प्रश्न काढायला प्रत्येक शिक्षकाला आठवड्यात एक तास मोकळा मिळावा.

आणि मुलांनो, आठवले नाही तर लाजू नका. आठवण्यासाठी डोके खाजवणे, हाच खरा अभ्यास!



— मुख्याध्यापक