टी-शर्टची गोधडी आणि फ्युजिंग
ताईने भाच्याचे कबड्डीचे आणि कॉलेजचे मिळून 20 टी-शर्ट पिशवी भरून माझ्याकडे दिले. गोधडी हवी होती. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या मी आईच्या हाताखाली शिवल्या आहेत, म्हणून पहिला 13 इंची चौकोन कापून सरळ मशीनखाली घातला. शिवून बाहेर आला तो एका बाजूने जवळजवळ इंचभर वाढलेला, कडेला लाटा आलेला.

लुगडं मागावरचं. त्यातले उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. टी-शर्टचं होजिअरी कापड म्हणजे एकात एक अडकवलेले फासे. आडवं ओढलं की फासा पसरतो, कापलं की कड गुंडाळते. त्याला पाठीमागून कुणीतरी धरून ठेवावं लागतं. ते काम इस्त्रीने चिकटणाऱ्या फ्युजिंगचं.

रविवार पेठेतल्या दुकानात आधी कॉलरचं बकरम पुढे आलं. ते घेऊ नये, अंगावर पुठ्ठा पांघरल्यासारखं होतं. मी तीन प्रकारांचं पाव-पाव मीटर आणलं, जुन्या बनियनच्या तुकड्यांवर चिकटवलं आणि तीनदा धुतलं. कोरं फ्युजिंग हाताळून काही कळत नाही, चिकटवून धुतल्यावरच त्याचा स्वभाव दिसतो. कागदासारखं, न विणलेलं जे होतं त्याला फुगे आले. सुती, मागावरचं पातळ फ्युजिंग सगळ्यांत पक्कं निघालं. गोधडी मशीनवर शिवायची असेल तर तेच घ्यावं, मात्र आधी कोमट पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून. नाहीतर पुढे आटतं. तिसरं ट्रायकोट, होजिअरीच्याच जातीचं. ते स्वतःही आडवं ताणलं जातं. मग ते टी-शर्टला काय धरणार, असं मला वाटलं होतं. पण त्याचा ताण टी-शर्टच्या ताणाला काटकोनात ठेवून चिकटवलं की दोघं एकमेकांना आवरतात, आणि कापड मऊ राहतं. मला हाताने धावदोरा घालायचा होता. सुती फ्युजिंगमधून सुई ओढताना दहा मिनिटांत बोट दुखलं, ट्रायकोटमधून ती सहज गेली.

ट्रायकोटचा पन्हा 60 इंची होता. 14 इंची तुकडे एका रांगेत चार, अशा पाच रांगा. दोन मीटर पुरलं. टी-शर्ट धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घातलं नाही, त्याचा थर राहिला तर गोंद धरत नाही. टी-शर्टचा अंदाजे मोठा तुकडा कापायचा, उलट्या बाजूने फ्युजिंग लावायचं, आणि मगच पक्का 13 इंची चौकोन. हा क्रम चुकवू नये. इस्त्री घासायची नाही. ओलसर फडकं ठेवून एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. खाली बेकिंगचा कागद, म्हणजे छपाई वितळून चादरीला चिकटत नाही. चौकोन पूर्ण गार होईपर्यंत हलवायचा नाही. मला हेच सगळ्यांत जड गेलं.

अर्ध्या इंचाची शिवण जाऊन 4 फूट बाय 5 फुटांची गोधडी झाली. धावदोरा सगळीकडून नेहमीसारखा फिरला, फक्त कबड्डीच्या जर्सीवरचा जाड रबरी 7 सुईला वाट देईना. दिली असती तरी तिथली भोकं पुन्हा मिटली नसती. त्या आकड्याभोवती मी दोरा वळसा घालून नेला, आईने लुगड्याच्या ठिगळाभोवती न्यावा तसा.