कॅमेरा घेताना उजेड मोजा

एडिटिंग केलेला फोटो म्हणजे लबाडी, असं मानणाऱ्यांनी एकदा कॅमेऱ्याच्या पोटात डोकावावं. सेन्सर मुळात रंगांधळा. किती उजेड पडला, एवढंच त्याला कळतं. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी यावर तोडगा काढला, त्याचं पेटंट १९७६चं: प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी. चारांतल्या दोन हिरव्या, कारण आपल्या डोळ्याला बारकावे जास्त करून हिरव्या उजेडात जाणवतात. उरलेले दोन रंग शेजारपाजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरायचे. दुकानदार ज्या २४ मेगापिक्सेलचं कौतुक सांगतो, त्यात लाल रंग प्रत्यक्ष मोजणारे फक्त ६. तेव्हा एडिटिंग बटण दाबताच सुरू होतं. ते कंपनीवर सोपवायचं की स्वतः करायचं, एवढंच आपल्या हातात.

जेपेग घेतलं की सोपवलं. त्यात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. सेन्सरची मोजणी कच्ची, तशीच ठेवणाऱ्या १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. भर दुपारचा वारकरी घ्या: पांढरीशुभ्र टोपी आणि तिच्याखाली सावलीत गेलेला सावळा चेहरा. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवलं तर टोपीची वीण पांढरीफटक होऊन जाते आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून टोपी सांभाळून फोटो जरा अंडरच काढावा, चेहरा मागाहून उजळावा. रॉमध्ये सुरकुत्या वर येतात, जेपेगमध्ये त्या जागी पट्टे आणि डाग.

अर्थात रॉ म्हणजे जादू नव्हे. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील तर मोजणीत १०चा चढउतार होणारच, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर १ टक्का. सावली उजळल्यावर दिसणारी रवाळ कुरकुर बरीचशी हीच. कॅमेरा कितीही महाग घ्या, हा उजेडाचाच स्वभाव.

मग उजेड जास्त मिळेल ते घ्यावं. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६चा, क्षेत्रफळाने निम्म्याहून लहान. तरी पहिल्याच कॅमेऱ्याला फुल फ्रेमचा हट्ट मला पटत नाही. सोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स ५५ला एफ ५.६वर अडते, ५० मिलिमीटर, एफ १.८ची साधी लेन्स जवळपास दहापट उजेड आत घेते. पैसे तिच्यात घालावेत, बॉडी सेकंडहँड चालेल. लेन्सही जुनी घेणार असाल तर मागून टॉर्च मारून काच पाहा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशी आत जाळं विणते. ते दिसलं तर भाव कितीही पाडून मिळो, घेऊ नका.