अंगावरचे पित्त : आधी कारण शोधा, मग औषध



गळीत हंगाम सुरू झाला की आपली दिवस-रात्र एक होते. रात्रीची वीज वाट्याला आली तर ऐन थंडीत पायाखाली गार पाणी आणि अंगावर वारा घेत उसाला पाणी द्यावे लागते. अशा दिवसांत घराघरांतून एक तक्रार ऐकू येते : "अंगावर पित्त उठलंय, खाजून जीव नकोसा झालाय." लाल-गुलाबी गांधी उठतात, खाज सुटते, तास-दोन तासांत त्या विरतात आणि दुसरीकडे नव्या उठतात. दुखणे साधे वाटते आणि बहुतेक वेळा ते साधेच असते. पण क्वचित ते जिवावरही बेतते. म्हणून हे दुखणे काय आहे, आयुर्वेदाने ते कसे ओळखले आणि घरच्या उपचाराची हद्द कुठे संपते, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे.

हे पोटातले पित्त नव्हे

'पित्त' या शब्दाने पुष्कळांची गफलत होते. घशाशी येणारे आंबट पाणी ते अम्लपित्त. अंगावर उठते ते शीतपित्त. दोन्ही दुखणी वेगळी. त्यामुळे छातीतल्या जळजळीवरचा सोडा किंवा गोळी घेऊन अंगावरच्या गांधी जातील, अशी आशा धरू नये.

'शीतपित्त' या नावातच आयुर्वेदाचा विचार आहे. बाराशे वर्षांहून जुन्या 'माधवनिदान' या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ अशी तीन भावंडे एकत्र सांगितली आहेत. गार वाऱ्याच्या स्पर्शाने कफ आणि वायू बिघडतात, पित्ताला बरोबर घेऊन आत-बाहेर पसरतात आणि त्वचेवर गांधीलमाशी डसल्यासारखी सूज येते, असे त्याचे वर्णन आहे. टोचणी जास्त असेल तर वायूचा जोर, ते शीतपित्त. कडा उंच, मध्ये खोलगट, खाज फार आणि थंडीच्या ऋतूत जोर, तर कफ प्रधान, तो उदर्द. येऊ घातलेली उलटी दाबून धरल्याने किंवा वमनाचा उपचार नीट न झाल्याने खाजरे लाल चट्टे उठतात, तो कोठ. अंगावर उठण्याआधी तहान लागते, तोंडाची चव जाते, मळमळते, अंग जड होते, डोळे लाल होतात, हेही ग्रंथाने नोंदले आहे.

आजचे वैद्यकशास्त्र हीच गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगते. त्वचेत 'मास्ट' नावाच्या पेशी असतात. काही कारणाने त्या चाळवल्या की त्यांतून हिस्टामिन हे द्रव्य सुटते. त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतले पाणी त्वचेत झिरपते, म्हणून गांधी फुगते आणि खाजते. एक गांधी साधारणपणे 24 तासांच्या आत मागमूस न ठेवता विरते. हीच ओळखीची मोठी खूण. उसाच्या पाल्याची कूस लागून होणारी खाज जिथे कूस लागली तिथेच राहते. गाजर गवताने येणारा चट्टा दिवसेंदिवस टिकतो, त्याला खपली धरते. ते पित्त नव्हे.

पहिले औषध : कारण टाळणे

कोणत्याही रोगावर थोडक्यात उपाय सांगायचा तर कारण टाळणे, असे सुश्रुताचे म्हणणे आहे. याला 'निदान परिवर्जन' म्हणतात. अंगावरच्या पित्तात या सल्ल्याइतका उपयोगी सल्ला दुसरा नाही. पण कारण प्रत्येकाचे निराळे असते.

कोणाला गार वारा आणि गार पाणी चालत नाही. अशा माणसाने थंड विहिरीत एकदम उडी मारणे धोक्याचे. सगळ्या अंगाला एकाच वेळी गारवा लागून भोवळ येऊ शकते आणि पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. कोणाला उलट, घाम आला की बारीक पुरळ उठते. कोणाला कमरेचा करगोटा किंवा डोक्यावरच्या मोळीचा दाब पुरतो. अंडी, मासे, शेंगदाणे यांनी काहींना उठते. सर्दी-तापानंतर उठणारे पित्त मुलांत नेहमी दिसते.

आणखी एक कारण ऊसतोडणी करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. दिवसभर कोयता चालवून अंग ठणकते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी काहींच्या अंगावर पित्त उठते किंवा उठलेले भडकते. पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांनीही असे होते. गोळी घेतली आणि गांधी उठल्या, असे झाले तर त्या औषधाचे नाव लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक डॉक्टरांना ते आधी सांगा.

आयुर्वेद विरुद्ध आहारालाही दोष देतो. दुधाबरोबर मासे किंवा आंबट फळे, रात्रीचे दही, फार खारट-आंबट खाणे वर्ज्य सांगितले आहे. ज्याला त्याने त्रास होतो त्याने ते जरूर टाळावे. मात्र अंदाजाने सगळेच सोडून पोराबाळांची उपासमार करू नये.

आपण पाण्याच्या पाळीची, खताच्या मात्रेची वहीत नोंद ठेवतो. तशीच आठ-पंधरा दिवस पित्ताची ठेवावी. किती वाजता उठले, आधी काय खाल्ले, कोणते औषध घेतले, गार वारा लागला की ऊन, हे लिहावे. वैद्य असो की डॉक्टर, ही वही त्यांना फार उपयोगी पडेल.

घरचे उपाय

शीतपित्तावर मोहरीचे तेल अंगाला लावून कोमट ते गरम पाण्याने शेक घ्यावा, असे आयुर्वेद सांगतो. आपल्याकडे आमसुले पाण्यात कोळून ते पाणी अंगाला चोळतात, वर घोंगडी पांघरून घेतात. गारव्याने उठणाऱ्याला ऊब मानवते. पण उन्हाने किंवा घामाने उठणाऱ्याला ऊब सोसणार नाही. त्याने सैल सुती कपडे घालून सावलीत बसावे.

पोटात घेण्याच्या उपायांत आपल्या उसाच्या गुळाला मान आहे. आल्याचा रस जुन्या गुळाबरोबर, किंवा ओवा गुळाबरोबर, पथ्याचे अन्न खाऊन सात दिवस घ्यावा, असे जुने प्रयोग आहेत. जुना गूळ म्हणजे निदान वर्षभराचा. नवा गूळ कफ वाढवतो, असे आयुर्वेद मानतो. चमचाभर आल्याच्या रसात सुपारीएवढा गूळ पुरे. हळद, तूप, दूध आणि साखर यांचा 'हरिद्राखंड' हा या रोगावरचा प्रसिद्ध कल्प. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ आणि हरिद्राखंड दोन्ही टाळावेत. वमन, विरेचन हे उपचार वैद्यांच्या देखरेखीखालीच करावेत. बाजारात सुट्या पुडीत मिळणारे, 'एका रात्रीत गुण' सांगणारे चूर्ण घेऊ नका. आत काय मिसळले आहे हे कळत नाही.

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की या उपायांच्या मोठ्या चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. डॉक्टर देतात त्या हिस्टामिनविरोधी गोळ्यांचा गुण पक्का आहे. सेटिरिझिन, लोरॅटॅडिन यांसारख्या गोळ्यांनी गुंगी कमी येते. जुन्या जातीच्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन ट्रॅक्टर चालवू नये, रात्री विहिरीवर जाऊ नये. सहा आठवड्यांहून जास्त दिवस पित्त उठत राहिले तर ते जुनाट समजावे आणि तज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी बहुधा बाहेरचे कारण सापडत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच चाळवलेली असते. म्हणून रोग्याला "तूच काहीतरी खाल्लं असशील" असे टोचून बोलू नये.

इथे थांबायचे नाही

गांधी उठल्याबरोबर पुढीलपैकी एकही खूण दिसली तर आमसूल, आले, गूळ सगळे बाजूला ठेवा :

ओठ, जीभ किंवा घसा सुजणे. आवाज घोगरा होणे.
दम लागणे, छातीत घरघर.
भोवळ, गार घाम, शुद्ध हरपणे.
मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, अथवा औषध घेतल्यावर, गांधींबरोबर उलट्या किंवा पोटात कळा.

ही वेळ मिनिटांची असते. यावर पहिला इलाज म्हणजे मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचे रुग्णालय गाठा. रोग्याला आडवे करून पाय उंच ठेवा; दम लागत असेल तर बसू द्या; चालवत नेऊ नका. बेशुद्धाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका.

उसाच्या फडात गांधीलमाशीचे पोळे नवे नाही. तोडणीची टोळी येण्यापूर्वी बांधावर आणि फडात नजर टाका, पोळे दिसले तर मुकादमाला सांगा. पूर्वी माशी चावून ज्याच्या सगळ्या अंगावर पित्त उठले असेल त्याला त्या सरीत धाडू नका. आणि रात्री पाण्यावर जाताना अंगावर घोंगडी, पायात गमबूट आणि जोडीला एक माणूस असू द्या.